नादारी आणि शिष्यवृत्ती

नादारी हा शब्द आता आपल्यापैकी कुणाच्या तोंडी नाही. मी तो आजीकडून ऐकला. खानापूर तालुक्यातल्या तिच्या शाळेत तिच्या धाकट्या भावाला ‘अर्धी नादारी’ होती, म्हणजे अर्धी फी माफ होती. मुंबई इलाख्यातल्या शाळांत हा रोजच्या वापरातला शब्द. फारसीत ‘दार’ म्हणजे बाळगणारा (जमीनदार, दुकानदार यांतला तोच), आणि ‘नादार’ म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही असा. कोर्टाच्या मराठीत नादार म्हणजे दिवाळखोर. म्हणजे बुडालेला व्यापारी आणि फी माफ झालेला पाचवीतला मुलगा, दोघांना शब्द एकच!

त्याच शाळेत दुसराही एक शब्द होता, शिष्यवृत्ती. ती परीक्षेत वर आलेल्या मुलाला मिळायची. आजी सांगते, नादारीची यादी वर्गात वाचली की मुलं पायाकडे बघायची आणि शिष्यवृत्तीचं नाव पुकारलं की टाळ्या वाजायच्या. पैसा दोन्हीकडे शिकणाऱ्या मुलासाठीच येत होता.

इंग्रजीतही अशी जोडी आहे, स्कॉलरशिप आणि बर्सरी. पहिली हुशारीला, दुसरी गरजेला. बर्सरीच्या मुळाशी लॅटिन ‘बुर्सा’ आहे, म्हणजे पैशाची थैली. कन्नडमध्ये मात्र सरळ ‘विद्यार्थिवेतन’ म्हणतात आणि मला या सगळ्यांत तोच शब्द जास्त आवडतो. वेतन म्हणजे पगार. शिकणं हे काम आहे आणि त्याचा पगार मिळतोय, यात मान खाली घालण्यासारखं काय आहे? आपण हुबळी-धारवाडचे मराठी लोक यातलं काहीच म्हणत नाही, ‘स्कॉलरशिप’ म्हणून मोकळे होतो. पण शब्द गेले तरी त्यांची सावली गेलेली नाही. या वर्षी मी ज्युनिअर मुलामुलींना विचारलं, अर्ज का भरला नाही? उत्तरं दोनच आली. एक, “ते गरिबांसाठी असतं ना?” आणि दुसरं, “ते टॉपर लोकांसाठी असतं.” पहिलं बोलते ती नादारी, दुसरं बोलते ती शिष्यवृत्ती. म्हणून हा लेख.

थोडं मागे जाऊ. धारवाडला कर्नाटक कॉलेज निघालं १९१७ साली. त्याआधी इथल्या मुलानं मॅट्रिक केलं की पुढे पुणं किंवा मुंबई. द. रा. बेंद्रे १९१३ साली मॅट्रिक झाले आणि पुण्याला फर्ग्युसनमध्ये गेले. घरात मराठी, पुढे कविता कन्नड, बी.ए. १९१८. त्यांना काकांचा आधार होता. ज्यांना काका नव्हते ते काय करायचे? वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार सात घरी. वार पुरे झाले नाहीत तर माधुकरी मागायची. किती मोठी माणसं या वारांवर शिकली, ते मराठी आत्मचरित्रं वाचणाऱ्यांना सांगायला नको.

वाराचं कौतुक आपण खूप वाचलंय, पण तो कुणाला मिळायचा ते कमी वाचलंय. तो मिळायचा ब्राह्मण मुलाला, ब्राह्मण घरी. महार मुलाला स्वयंपाकघराजवळही कुणी येऊ दिलं नसतं. मुलगी शिकायला परगावी जाते हीच कल्पना नव्हती. आणि माझ्यासारखी? बाटलेल्याच्या पोरीला कोण वार देणार! ही मदत खरी होती, प्रेमाचीही होती, पण ती जातीच्या उंबऱ्यापर्यंतच पोचायची.

सरकारी पैशाचीही सुरुवात तिथूनच झाली. पेशवाईत श्रावणात पुण्याला विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. प्रथा सेनापती खंडेराव दाभाड्यांची, पेशव्यांनी ती पुढे चालवली. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टननं ती एकदम बंद केली नाही. १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तीही या दक्षिणेच्या पैशातून. पुढे १८४९ साली लोकहितवादी आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की या रकमेतला काही भाग चांगल्या मराठी ग्रंथांना बक्षीस म्हणून द्यावा आणि तो कुठल्याही जातीच्या लेखकाला मिळावा. पुण्यात गहजब झाला. जोतीराव फुले अर्जदारांच्या बाजूने उभे राहिले. त्यातूनच दक्षिणा प्राइज कमिटी आली आणि नंतर कॉलेजांत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे हे असेच दक्षिणा फेलो. श्रावणातल्या दानाचं तीस-चाळीस वर्षांत कॉलेजातलं वेतन झालं, आणि ते एका अर्जामुळे सुरू झालं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मग आपल्या भागात समाजासमाजाचे निधी उभे राहिले. शिरसंगीचे लिंगराज देसाई १९०६ साली वारले, त्यांनी आपली मिळकत लिंगायत मुलांच्या शिक्षणासाठी ठेवली. बेळगावचं लिंगराज कॉलेज त्यांच्याच नावाचं. फार मोठं काम. पण ज्या समाजात देसाई नव्हते, त्यांचं काय, हा प्रश्न राहतोच. तो सोडवायला कुणीतरी जातीबाहेरचं लागत होतं: राजा किंवा सरकार.

आणि सरकारसुद्धा कसं मोजतं ते बघायचं असेल तर कॉर्नेलिया सोराबजीची गोष्ट वाचा. मला ती एम.ए.च्या एका सीनिअरनं सांगितली तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, बेळगावची? हो. जन्म नाशिकचा, १८६६ सालचा, पण लहानपण बेळगावात गेलं आणि मग पुण्याला. वडील पारशी घरातले, ख्रिस्ती झालेले, मिशनमध्ये काम करणारे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातली ती पहिली विद्यार्थिनी. बी.ए.ला तिला पहिला वर्ग मिळाला. परीक्षेत जो वर येईल त्याला विलायतेत पुढे शिकायला सरकारी शिष्यवृत्ती असायची. कॉर्नेलियाच्या स्वतःच्या सांगण्यानुसार ती कॉलेजात पहिली आली होती, शिष्यवृत्ती तिचीच होती, आणि ती बाई आहे म्हणून नाकारली गेली.

इथे हुशारी नव्हती असं कुणी म्हणालं नाही. शिष्यवृत्तीचा नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ‘तो’ होता, एवढंच. नंतरची गंमत बघा. जिला पुढे शिकायला पैसे दिले नाहीत, तिला अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवायची तात्पुरती जागा मिळाली. समोर बसलेले सगळे मुलगे. शिकायला अपात्र, पण शिकवायला पात्र!

मग तिच्या बाजूने इंग्लंडमध्ये वर्गणी जमली. मेरी हॉबहाउस या बाईंनी पुढाकार घेतला. देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या आणि सर विल्यम वेडरबर्न होते, जे १८८९ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाली. १८९२ मध्ये तिनं कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली. ऑक्सफर्डमध्ये ती देणारी ती पहिली स्त्री, त्यासाठीही खास परवानगी काढावी लागली. पदवी हातात पडायला तिला जवळजवळ तीस वर्षं थांबावं लागलं, कारण ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं.

तिची गोष्ट मी इतकी लांबवली, कारण ‘हुशार असलं की मिळतंच’ या समजुतीला ती चांगली टाचणी लावते. गुण होते, मान्य होते, पण नियमात ती बसत नव्हती. मग जे शिष्यवृत्ती म्हणून यायला हवं होतं ते चार दयाळू लोकांच्या देणगीतून आलं. तेवढंच शिक्षण, पण आयुष्यभर आभार मानत राहायचे.

बाबासाहेबांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण अर्ज भरणाऱ्याच्या नजरेनं ती पुन्हा वाचण्यासारखी आहे. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांचा विषय सयाजीराव गायकवाडांपर्यंत नेला. केळुसकर म्हणजे बुद्धचरित्र लिहिणारे, आपल्याच अभ्यासक्रमाच्या इतिहासातले लेखक. दरमहा २५ रुपये ठरले, त्यावर एल्फिन्स्टन कॉलेजातलं बी.ए. झालं. १९१३ मध्ये अमेरिकेसाठी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात करार: परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी.

ही शिष्यवृत्ती होती की नादारी? विद्यार्थी हुशार होता आणि घरी पैसे नव्हते. दोन्ही एकाच वेळी खरं होतं, बहुतेकांच्या बाबतीत ते तसंच असतं. शब्दांनी केलेली वाटणी प्रत्यक्षात कुठे टिकते?

करार पाळायला ते १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून बडोद्याला गेले. दरबारानं जगातलं उत्तम शिक्षण दिलं होतं, पण त्या शहरात त्यांना राहायला खोली कुणी देईना. पारशी खानावळीतूनही बाहेर काढलं. नोकरी सोडून परत यावं लागलं. पुढे शाहू महाराजांची मदत आणि मित्राचं कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले.

आता यात आपलं धारवाड येतं. देशातला सगळ्यात प्रसिद्ध शिष्यवृत्तीधारक मुंबई विधिमंडळात गेल्यावर काय म्हणाला? अस्पृश्य मुलांना नुसत्या शिष्यवृत्त्या वाटण्यापेक्षा तो पैसा वसतिगृहांवर खर्च करा. कारण साधं होतं. घरात चूल पेटत नसेल तर मुलाच्या नावानं आलेले रुपये चुलीतच जातात, आणि आईबापांना त्याबद्दल बोल लावता येत नाही. मुलाला राहायला जागा, दोन वेळचं जेवण आणि आजूबाजूला अभ्यास करणारी मुलं मिळाली तर तो शाळेत टिकतो. १९२८ मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी काढली. तिच्याकडे हायस्कूलच्या मुलांची जी वसतिगृहं होती, त्यांत पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे यांच्या बरोबरीनं एक धारवाडचं होतं. बडोद्यात खोली न मिळालेल्या माणसाला खोलीचं मोल कळलेलं होतं, असं मला ते वाचताना वाटलं. (हा माझा अंदाज, पुरावा नाही.)

पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि अनुसूचित जातींच्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला ३ लाख रुपयांची तरतूद झाली. १९४४ पासून सुरू झालेली पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती आजही चालू आहे. ती राजाची मर्जी नाही, अंदाजपत्रकातली ओळ आहे. मधे कुणी केळुसकर लागत नाहीत.

आता आपल्या मोबाइलवर येऊ. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्यांसाठी केंद्राची एक शिष्यवृत्ती आहे, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर ‘सेंट्रल सेक्टर स्कीम’ या नावानं. देशभरात वर्षाला ८२,००० नव्या, त्यातल्या निम्म्या मुलींना. अटी दोन: बारावीला (आपल्याकडे सेकंड पीयूला) आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत पास झालेल्यांपैकी वरच्या २० टक्क्यांत असणं, आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत. म्हणजे हुशारी आणि गरज, दोन्ही एकाच अर्जात. पदवीच्या तीन वर्षांत दरसाल १२,००० रुपये. चालू ठेवायला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी. ‘टॉपर लोकांसाठी’ म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचावं: वरचे २० टक्के म्हणजे पाचात एक. तुमच्या बाकावरचं कुणीतरी त्यात आहेच.

एक गोष्ट आपल्याला विशेष लागू. या शिष्यवृत्त्या विज्ञान, वाणिज्य आणि कला शाखांत ३:२:१ या प्रमाणात वाटल्या जातात. म्हणजे सहातली एक आपल्या वाट्याला. साहित्याचे विद्यार्थी इथेही अल्पसंख्याक! मला हे प्रमाण पटत नाही. दिलगिरीनं सांगते, कवितेला प्रयोगशाळा लागत नसली तरी कवितेच्या विद्यार्थ्याला बसचा पास लागतो. पण प्रमाण बदलेपर्यंत आहे तो सहावा हिस्सा तरी रिकामा जाऊ नये.

राज्याच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या, त्या ‘एसएसपी’ या पोर्टलवर. तिथे लागतात नाडकचेरीतून काढलेले जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले. दाखल्यावर ‘आरडी’ने सुरू होणारा नंबर असतो, तो टाकल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. जाता जाता: कर्नाटकाच्या मागासवर्ग यादीत मराठा आणि ख्रिस्ती दोघंही ‘३ब’मध्ये आहेत. घरी ज्यांच्या देव्हाऱ्याचा आणि माझ्या क्रूसाचा काही संबंध नाही, त्या मैत्रिणीबरोबर मी एकाच गटात रांगेत उभी होते.

वसतिगृहात जागा न मिळालेल्या मागासवर्गीय मुलांसाठी ‘विद्यासिरी’ आहे, जेवणाखाण्यासाठी महिन्याला १,५०० रुपये, वर्षात दहा महिने. दिवसाला ५० रुपये पडतात. धारवाडच्या खानावळीत तेवढ्यात रोटी-पल्ल्याचं पूर्ण ताट येत नाही, नाश्ता आणि चहा येतो. तरीही वार लावण्याच्या जागी आज ही योजना उभी आहे, आणि ती घेताना कुणाच्या ओट्यावर उभं राहावं लागत नाही. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी २०२१ साली ‘रैत विद्यानिधी’ आली: बी.ए.ला मुलांना ५,०००, मुलींना ५,५०० रुपये. खानापूर-हल्याळकडच्या मुलामुलींनी सातबाऱ्यासारखा इथला ‘पहाणी’ उतारा घरी कुणाच्या नावावर आहे ते विचारून ठेवावं.

पैसे कुठे अडतात ते मात्र कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. नावात. आमच्या आडनावाचं शेवटचं अक्षर पप्पांच्या आधारवर ‘एस’ आहे, माझ्या दहावीच्या मार्क्स कार्डावर ‘झेड’, आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर कन्नडमध्ये तिसरंच काही. पोर्टलला तीन वेगळी माणसं दिसली. ज्या कार्यालयात दुरुस्ती व्हायची तिथे मला चार वेळा जावं लागलं, कारण प्रत्येक खिडकी म्हणायची, आधी तिकडचं बदलून आणा. चिगरी बसनं हुबळी-धारवाड, धारवाड-हुबळी. पप्पा गोकुळ रोडवरच्या गॅरेजात काम करतात, त्यांचा एक दिवस गेला की एका दिवसाचा पगार गेला. डिसोझा, डिकोस्टा मंडळींची गंमत आणखी वेगळी: त्यांच्या नावातलं ते वरचं चिन्ह काही पोर्टल घेतच नाहीत. आमच्या पणजोबांना नाव देताना कुणाला ठाऊक होतं की पुढे बँकेच्या संगणकाला ते पटवून द्यावं लागेल?

त्या वर्षी पैसे उशिरा आले. पुस्तकं मात्र वेळेवर आली, कारण आमच्या चर्चच्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीनं घेऊन दिली. ही सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम यांनी सुरू केली, तेव्हा ते वीस वर्षांचे विद्यार्थी होते. तिचे लोक घरी येतात, हातात देतात, बाहेर कुणाला सांगत नाहीत. मम्मीला तरीही जड गेलं. “शिवणकामातून फेडू,” म्हणाली. मी तिला कन्नड शब्द सांगितला, विद्यार्थिवेतन. ती म्हणाली, पगार असेल तर मग काम नीट कर.

पुढच्या शनिवारी दुपारी मंडळाची बैठक वाचनालयात आहे. कवितावाचनानंतर एक तास आम्ही तिघी लॅपटॉप घेऊन थांबणार आहोत. येताना आधार, दहावी आणि पीयूची मार्क्स कार्डं, आरडी नंबरचे दाखले, बँक पासबुक आणा. खातं तुमच्या स्वतःच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं हवं, आईवडिलांचं चालत नाही. केंद्राची शिष्यवृत्ती घेतली तर तिच्याबरोबर दुसरी घेता येत नाही, त्यामुळे कोणती जास्त फायद्याची हे कागद समोर ठेवून बघू. अर्ज भरला म्हणजे झालं नाही, कॉलेजनं तो ऑनलाइन तपासून पुढे पाठवावा लागतो. त्यासाठी ऑफिसात छापील प्रत द्यायची आणि पोचपावतीवर तारीख घालून घ्यायची. आणि सगळ्या कागदांवर आडनावाचं शेवटचं अक्षर एकच आहे का, ते घरूनच बघून या.